एका ओळीसाठी अख्खं रजिस्टर

गुरुवार, रात्री सव्वाअकरा

आज संध्याकाळी सहा ते आठ फोन वाजला नाही. गेले तीन आठवडे या दोन तासांत मी फोन उपडा ठेवायचो. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव हमखास फोन करायचे, "साहेब, काटा दाखवतोय, फॅट दाखवतोय, पण पावती निघंना. रांग पार देवळापातूर गेलीय."

दुखणं असं, की संकलन रंगात आलं की आमच्या संकलनाच्या सॉफ्टवेअरमागचा रेडिस, म्हणजे सगळा डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस, मिनिट-दोन मिनिटांनी गुदमरायचा. उत्पादकांचे कोड, दराचे तक्ते, आजची मापं सगळं त्यातच, पाचेक जीबी. आधी नेटवर्कला शिव्या घातल्या. मग सर्व्हरची रॅम ८ ची १६ केली, मीही मान डोलावली. पैसे गेले, गुदमरणं तसंच.

आज राजारामपुरीतल्या ऑफिसात डबा उघडा ठेवून रेडिसचा लॉग, म्हणजे त्याची रोजनिशी, पहिल्या ओळीपासून वाचला. सुरू होतानाच रेडिस इशारा छापतो: कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस, म्हणजे मेमरीची पानं आपोआप मोठी करायची सोय, चालू आहे, त्यानं विलंब होईल, मेमरी जास्त लागेल. बंद करायची कमांडसुद्धा तिथंच. दर रिस्टार्टला बिचारा ओरडत होता, आणि आम्ही कायम शेवटच्या पन्नास ओळी बघणारे.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी गावच्या संस्थेत तीस वर्षं हातानं रजिस्टर लिहिलंय, त्यामुळं सोपं गेलं. म्हटलं, समजा संकलन चालू असतानाच तपासनीस आला आणि म्हणाला, सहा वाजताची वही जशीच्या तशी दाखवा. काम तर थांबवता येत नाही. मग ज्या पानावर नवीन नोंद करायची, तेवढ्या पानाची आधी नक्कल काढायची, जुनं पान त्याच्यासाठी राखायचं. रेडिस डिस्कवर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, लिहितो तेव्हा हेच होतं. फोर्क करून तो स्वतःची दुसरी प्रत उभी करतो, मेमरीची पानं दोघांत सामायिक, आणि ज्याला हात लागेल त्याचीच नक्कल. लिनक्सचं पान एरवी ४ केबीचं. ह्यूज पेज २ एमबीचं, म्हणजे ५१२ पानं एकत्र शिवलेली. एक फॅट खोडून लिहायचं तर सगळा गठ्ठा उतरवा!

बाबा म्हणाले, "मग ते तुमच्यापरीस येडं म्हणायचं."

येडं नाही. नंतर कागदावर हिशेब मांडला. आमच्या सेटिंगनं ६० सेकंदांत दहा हजार बदल झाले की स्नॅपशॉट निघतो, आणि ऐन गर्दीत तेवढे होतातच. तो लिहून होईपर्यंत आणखी तेवढेच बदल धरू, तेही विखुरलेले. ४ केबीच्या पानांत प्रत्येक बदलाला वेगळं पान लागलं तरी नक्कल ४० एमबीची. पण ५ जीबीत २ एमबीची पानं जेमतेम २५६०. दहा हजार बदलांत त्यातलं कुठलं पान कोरं राहणार? म्हणजे जवळजवळ अख्ख्या डेटाची दुसरी प्रत, तीही दूधवाले रांगेत उभे असताना.

कर्नेलला दोष देववत नाही. ही सोय २०११ मध्ये, त्याच्या २.६.३८ आवृत्तीपासून आली. पानं मोठी असली की पत्ते शोधायची खटपट कमी होते. एकदा मेमरी भरून गणितं करत बसणाऱ्या प्रोग्रामला ते मानवतं. आमच्यासारख्या चिल्लर नोंदींच्या धंद्याला नाही.

दुपारी दोन संकलनांच्या मधल्या निवांत वेळेत ह्यूज पेजेसचं सेटिंग 'ऑलवेज'चं (कायम चालू) 'नेव्हर' (बंद) केलं. रेडिस रिस्टार्ट करावा लागतो, नाहीतर आधी घेतलेली मोठी पानं तशीच राहतात. मशीन रीबूट झाल्यावरही टिकावं म्हणून बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाकलं. ६.२ आवृत्तीपासून रेडिसच्या सेटिंगच्या फाइलमध्येच याची सोय आहे, आमचा ५ वर अडलाय. फोर्कची वेळ किंचित वाढली, कारण बारीक पानांची यादी लांब. ते चालेल. संध्याकाळी एकही स्नॅपशॉट जाणवला नाही.

साडेआठला सचिवांचा फोन आलाच. धस्स झालं. म्हणाले, "आज तुम्हाला फोन करावा लागला नाही, म्हणून केला."

दुसऱ्या दोन सर्व्हरवर अजून 'ऑलवेज'च आहे. सकाळचं संकलन सहाला सुरू. गजर पाचचा लावलाय.