कागदावरचं एकच क्रियापद

'उद्याच्या शिक्षकांना सांस्कृतिक वारसा म्हणजे काय वाटतं?' मी शिक्षक-प्रशिक्षणाचे वर्ग घेते म्हणून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

पहिल्याच तासाला मी कोरे कागद वाटते आणि वारसा म्हटल्यावर जे सुचेल ते लिहायला सांगते. जुन्या वास्तू, शिल्पं, संग्रहालयातल्या वस्तू एवढंच बहुतेक कागदांवर उतरतं. मी मात्र क्रियापद बघते. ते जवळपास नेहमी 'जपणे' असतं. 'शिकणे' क्वचित, 'करणे' तर नाहीच.

दोष मुलांचा नाही. युनेस्कोच्या 1972 च्या करारातही सांस्कृतिक वारसा म्हणजे स्मारकं, वास्तुसमूह आणि स्थळं एवढंच होतं. मौखिक परंपरा, प्रयोगकला, सण-विधी, निसर्गाविषयीचं ज्ञान, हस्तकौशल्य यांच्यासाठी वेगळा करार व्हायला 2003 साल उजाडलं. हा वारसा एका पिढीकडून दुसरीकडे जातो आणि लोक तो सतत नव्यानं घडवतात, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

मग मी जपानमधल्या इसे मंदिराबद्दल सांगते. ते दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात; याआधीची खेप 2013 ची. लाकूड कोरं करकरीत. मग यात जुनं काय, यावर वर्गात कडाक्याचा वाद होतो. हा वाद मला फार आवडतो. तरुणपणी हाताखाली राबलेला सुतार पुढच्या खेपेला दुसऱ्यांना शिकवतो, इथवर कुणी ना कुणी येऊन पोचतंच.

पण एका मुलाचा कागद मनातून जात नाही. 'आमच्या घरी वारसा नाही', एवढंच त्यानं लिहिलं होतं. मला वाईट वाटलं, कारण हेच तो उद्या तीस-चाळीस मुलांना न बोलता शिकवणार होता. वडील काय करतात, विचारलं. ते गडगे घालतात. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. मी त्याला सांगितलं, बिनचुन्याची दगडी भिंत रचण्याची कला 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, युरोपातल्या आठ देशांनी मिळून तिची नोंद केली.

तो बराच वेळ गप्प होता. दुसऱ्या दिवशी पाठाचं टाचण घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, बाबांना वर्गात बोलवायचं असेल तर ते इथे कुठल्या रकान्यात लिहू?"

टाचणाच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता. आम्ही पट्टी घेऊन एक आखला.