तुम्ही विचारलंत म्हणून: कपाटातल्या रोपांसाठी घरचा एलईडी लाइट

"घरात ऊन येत नाही, एक कपाट रिकामं आहे. त्यात लाइट लावून काही उगवेल का? आणि तो जांभळा ग्रो लाइटच घ्यावा लागतो का?" हे मला इतके जण विचारतात की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

उगवतं. जांभळा लागत नाही. पण आधी बाल्कनी किंवा खिडकी नीट बघा. तिथे रोज दोन तास जरी सरळ, चांगलं ऊन येत असेल तर ही खटपट करू नका. त्या दोन तासांत रोपांना जेवढा प्रकाश मिळतो, तेवढा आपला लाइट चौदा-पंधरा तास जळून देतो.

जांभळ्याचं खूळ आलं ते हिरव्या पानाला लाल आणि निळा प्रकाश जास्त लागतो, या अर्ध्या माहितीवरून. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा चिप असतो. त्यावरचा पिवळसर फॉस्फर (प्रकाशाचा रंग बदलणारा लेप) त्यातल्या बऱ्याचशा निळ्याचा हिरवा, पिवळा, लाल करतो. म्हणजे रोपाला हवं ते सगळं त्यात आहे, आणि हिरवा भागही पानं वापरतातच. शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळं पडलंय की नाही हे दिसतं, जांभळ्यात सगळंच काळं दिसतं. ४००० केल्विनचा, म्हणजे दुकानदार ज्याला 'नॅचरल व्हाइट' म्हणतात तो घ्या. डब्यावर '१००० वॅट' लिहिलेले स्वस्त ग्रो लाइट प्रत्यक्षात किती वॅट ओढतात हे मीटर लावून पाहिलं, तर बहुधा हसू येतं.

आता माप. कपाटाचा कप्पा ६० × ४५ सेंमी धरू, म्हणजे ०.२७ चौरस मीटर. पालेभाज्यांना दर चौरस मीटरला दर सेकंदाला २०० मायक्रोमोल (रोपांना मिळणारा प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश पुरतो. ०.२७ ने गुणलं की ५४ येतात. भिंतींवर आणि कोपऱ्यांत तीसेक टक्के वाया जातो, म्हणून लाइटमधून साधारण ७७ निघायला हवेत. पांढऱ्या एलईडीचे ७० ल्युमेन (डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचं माप) म्हणजे ढोबळमानाने एक मायक्रोमोल. म्हणजे साडेपाच हजार ल्युमेन लागतील. बाजारातली बरी एलईडी पट्टी वॅटमागे ९५ ल्युमेनच्या आसपास देते, तेव्हा ५८ वॅट हवेत.

हे बसतं ते असं: २४ व्होल्टची, मीटरला १२० एलईडी असलेली, १४.४ वॅट प्रति मीटरची पट्टी, एकूण चार मीटर. मुंबईत लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, कुठेही मिळेल. १२ व्होल्टची पट्टी सगळीकडे सहज मिळते, पण ती टाळा. तेवढ्याच वॅटला तिच्यात दुप्पट करंट वाहतो, म्हणून लांबीवर व्होल्टेज जास्त पडतं.

पट्टी पन्नास सेंमीच्या आठ तुकड्यांत कापा, आणि फक्त तांब्याच्या खुणेवर. मध्येच कापलीत तर तो गट मेला. तुकडे २ मिमी जाडीच्या, ६० × ४० सेंमी ॲल्युमिनियम पत्र्यावर चिकटवा. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे असा पत्रा उरलेल्या मालात निघतो. प्लायवर किंवा पुठ्ठ्यावर पट्टी चिकटवायचा मोह होतो, पण तिथे उष्णतेला जायला वाट नसते. काही महिन्यांत उजेड उतरतो, पट्टीचा गोंदही सुटतो. पत्रा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. हाताचा तेलकटपणा राहिला तरी टेप सुटते. कडेच्या पट्ट्या जवळजवळ आणि मधल्या थोड्या लांब ठेवा, कारण कडेला प्रकाश नेहमी कमी पडतो.

वायरिंग समांतर करा. आठही तुकड्यांची लाल वायर एकत्र, काळी एकत्र, ०.७५ चौरस मिमीची. एकाला एक जोडून लांब माळ केली तर शेवटच्या तुकड्यापर्यंत व्होल्टेज पडतं आणि तो मंद जळतो. प्लॅस्टिकचे क्लिप कनेक्टर दमट हवेत गंजतात, म्हणून सोल्डरच करा. २५ वॅटची आयर्न, फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायची पेस्ट), आणि टोक दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, नाहीतर तांब्याचा पॅड उखडतो. सांध्यांवर सिलिकॉन लावणार असाल तर न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं.

एसएमपीएस (घरच्या विजेचं कमी व्होल्टच्या डीसीत रूपांतर करणारा पुरवठा) २४ व्होल्ट, साडेचार-पाच अँपिअरचा. पट्ट्या २.४ अँपिअर ओढतील, पण पुरवठा कायम काठोकाठ चालवला की लवकर जातो. तो कपाटाच्या बाहेर, पाणी उडणार नाही असा बसवा. प्लसच्या वायरवर ४ अँपिअरचा फ्यूज, आणि तीन पिनांच्या प्लगमधलं अर्थिंग एसएमपीएसच्या बॉडीला आणि पत्र्यालाही जोडा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. जास्त उजेडासाठी साध्या बल्बचं पांढरं झाकण काढून टाकायचं, अशी युक्ती सांगणारे खूप आहेत. स्वस्त बल्ब आणि बॅटनच्या आतला ड्रायव्हर मेन्सपासून वेगळा केलेला नसतो. झाकण काढलं की एलईडीच्या टोकांवर थेट घरच्या विजेचा धक्का बसू शकतो. ओली माती, फवारणी आणि ओले हात असलेल्या कपाटात हे करू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवून घ्या, लाइट नंतर.

खरी अडचण उजेडाची नसते, उष्णतेची असते. ५८ वॅट शेवटी सगळे कपाटातल्या हवेतच जिरतात. दार बंद राहिलं तर मे महिन्यात लेट्यूसची पानं कडू होतात आणि मधून दांडा वर येतो. तापमान खोलीपेक्षा तीन अंशांहून जास्त चढू द्यायचं नसेल तर तासाला साधारण ६० घनमीटर हवा फिरायला हवी. १२ सेंमीचा २४ व्होल्ट पंखा वरच्या बाजूला, हवा बाहेर टाकणारा, आणि खालच्या बाजूला तेवढंच भोक, दोन्हींना जाळी. तो त्याच एसएमपीएसवर चालतो. उन्हाळ्यात लाइट रात्री लावा, रोपांना फरक पडत नाही. पावसाळ्यात हाच पंखा बुरशी आवरतो. हवा कोंडली की कोवळी रोपं बुडाशी मऊ पडून कोलमडतात.

आतून कपाट पांढरं हवं, साधा मॅट रंग पुरे. पत्रा साखळीवर टांगा आणि पानांपासून २० ते २५ सेंमी वर ठेवा. फोनवरचं लक्स ॲप (उजेड मोजणारं) पानांच्या उंचीला धरून १४,००० च्या आसपास आलं तर ठीक. फोनचा सेन्सर नेमका नसतो, पण कोपरा आणि मध्य यांतला फरक कळतो. रोपं लांबुळकी, फिकट होऊन वर ताणली तर उजेड कमी आहे. वरची पानं पांढरट पडून कडा वळल्या तर लाइट फार जवळ आहे. सहा-सात एलईडींचा एकच गट विझला तर त्यातला एक गेलाय, तेवढा भाग कापून सांधता येतो.

वेळेबाबत सरसकट सोळा तास लावू नका. लेट्यूस आणि बेसिलला चौदा ते सोळा चालतात. कोथिंबीर आणि पालकाला दिवस मोठा झाला की ती फुलावर येतात, त्यांना बाराच द्या. मोहरी, मुळ्याच्या मायक्रोग्रीन्सना (कोवळेपणीच कापून खायच्या रोपांना) पहिले दोन-तीन दिवस अंधारच हवा. टायमर बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा घ्या. खुंट्यांचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो, आणि आपल्याकडे वीज जातेच.

चौदा तास चालवलं तर पंखा आणि एसएमपीएसमधली घट धरून दिवसाला जवळजवळ एक युनिट जातं, महिन्याला तीस. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा. कोथिंबिरीची जुडी या भावात बहुतेक वेळा परवडत नाही. बेसिल, लेट्यूस, मायक्रोग्रीन्स आणि बाल्कनीत लावायची टोमॅटो-मिरचीची रोपं यांसाठी मात्र लाइट बनवा.