पानगळीच्या मागोमाग: युकॉनच्या निर्जन महामार्गांची आखणी

उत्तर कॅनडाच्या लांब रोड ट्रिपची आखणी बहुतेक जण घराच्या दारापासून सुरू करतात. पहिल्या दिवशी इथवर, दुसऱ्या दिवशी तिथवर. आम्ही ती उलट्या टोकाकडून करतो. कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉन प्रदेशातल्या टूम्बस्टोनच्या डोंगरांत टुंड्रा, म्हणजे झाडांऐवजी खुरट्या झुडपांची थंड माळजमीन, लाल कधी होतो, ती तारीख आधी पक्की करायची आणि बाकीचं सगळं तिच्या मागेपुढे बसवायचं. कारण तिकडे पानगळ उत्तरेकडून दक्षिणेला आणि उंचावरून खाली उतरत येते. ऑगस्टच्या शेवटच्या आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टूम्बस्टोनमधून उत्तरेला जाणाऱ्या डेम्पस्टर या खडीच्या महामार्गावरचं खुरटं बर्च आणि जमिनीलगतची बेअरबेरी लालभडक असते. सप्टेंबरच्या मध्याला युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्सच्या आसपासचे ॲस्पेन पिवळे होतात. त्यानंतर आठवडाभरात ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर भागातल्या दऱ्या सोनेरी होतात. म्हणून जाताना भराभर वर चढायचं आणि येताना रंगाबरोबर सावकाश खाली यायचं. उलट केलं, म्हणजे वाटेत रमतगमत १५ सप्टेंबरला डेम्पस्टरवर पोहोचलो, तर पानं झडलेली असतात आणि हाती चिखल नाहीतर बर्फ लागतो.

अंतराचा हिशेब असा. व्हँकुव्हर ते डॉसन क्रीक सुमारे ११९० किलोमीटर. तिथून अलास्का महामार्गाने व्हाइटहॉर्सपर्यंत १४२५. व्हाइटहॉर्सहून क्लॉन्डाइक महामार्गाने डॉसन सिटीच्या ४० किलोमीटर अलीकडे डेम्पस्टरचा फाटा लागतो, तो जवळपास पाचशेवर. डेम्पस्टर इनुविकपर्यंत ७३६ आणि पुढे आर्क्टिक किनाऱ्यावरच्या टुक्टोयाक्टुकपर्यंत आणखी १३८. येताना स्ट्युअर्ट-कॅसियार महामार्ग धरला, तर एकूण फेरी पावणेआठ हजारांच्या घरात जाते. डांबरी रस्त्यावर दिवसाला ५०० आणि खडीवर ३०० किलोमीटर धरा. ज्यांना मुंबई-गोवा एका दमात मारायची सवय आहे, त्यांना हे आकडे हास्यास्पद वाटतील. पण खडीवरचे ३०० म्हणजे पुरा दिवस. मुक्काम, पाऊस आणि बंद पडलेली फेरीबोट धरून चार आठवडे हाताशी ठेवा. तीन आठवडेच असतील तर टुक्टोयाक्टुक सोडा, टूम्बस्टोन सोडू नका.

अलास्का महामार्गाबद्दल जास्त काही सांगायची गरज नाही. १९४२ मध्ये युद्धाच्या घाईत काढलेला हा रस्ता आता पूर्ण डांबरी आहे. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक हा सव्वापाचशे किलोमीटरचा तुकडा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात ओसाडही. त्यातला समिट लेकचा घाट (१२९५ मीटर) हा संपूर्ण महामार्गाचा सर्वोच्च बिंदू असल्यामुळे ऑगस्टअखेरीसही तिथे पहाटे बर्फ भुरभुरू शकतो. दुसरं म्हणजे लिआर्ड नदीच्या परिसरात रानगव्यांसारखे दिसणारे बायसन कळपाने रस्त्यावरच उभे असतात. संध्याकाळी त्यांचा काळपट रंग डांबरात मिसळून जातो आणि हॉर्नला ते दाद देत नाहीत. सप्टेंबर हा मूस या प्रचंड हरणाच्या माजाचा काळ. मूस इतका उंच की हेडलाइटच्या झोतात फक्त पाय येतात, डोळे चमकत नाहीत. धडक झाली तर पाय मोडतात आणि काही शे किलोंचं धड बॉनेटवरून थेट काचेवर येतं. एवढ्यासाठी सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, हा नियम आम्ही अजिबात वाकवत नाही. तिथे सप्टेंबरात दिवस रोज पाच-साडेपाच मिनिटांनी लहान होतो, म्हणजे आठवड्याला ४० मिनिटांच्या आसपास. पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक चौथ्या आठवड्यात चालत नाही.

आता डेम्पस्टर. सगळी तयारी खरं तर याच रस्त्यासाठी असते.

१९७९ मध्ये खुला झालेला हा रस्ता गोठलेल्या जमिनीवर खडीचा जाड बांध घालून केला आहे. बांध पातळ असता तर उन्हाळ्यात खालचा बर्फ वितळून रस्ता खचला असता. या बांधामुळे रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच राहतो, कडा मऊ असतात आणि कठडे नसतात. समोरून ट्रक आला की माणूस सहज कडेला सरकतो, आणि तिथेच चाक रुततं. घसरून खाली गेलेली गाडी वर ओढायला लागणारा टो ट्रक शेकडो किलोमीटरांवरून येतो, त्याचं बिल हजारो डॉलरचं असतं. त्यामुळे ट्रक दिसला की वेग अगदी कमी करायचा, थोडंसंच उजवीकडे व्हायचं आणि धूळ बसेपर्यंत थांबायचं. पुढची काचही यानेच वाचते. खडे उडतात ते दोन्ही गाड्यांच्या वेगांची बेरीज घेऊन, आणि त्यातला आपला वाटा आपल्या हातात असतो.

पेट्रोलचं गणित कागदावर करा. डॉसन सिटीला टाकी काठोकाठ भरली की पुढचा भरवशाचा पंप ईगल प्लेन्सला, डेम्पस्टरच्या ३६९ व्या किलोमीटरवर. म्हणजे डॉसनपासून ४०९ किलोमीटर. १०० किलोमीटरला १० लिटर पिणारी गाडी लादलेल्या सामानासह, खडीवर आणि समोरच्या वाऱ्यात १२ लिटर पिते. झाले ४९ लिटर. त्यावर टूम्बस्टोनमधलं इकडेतिकडे फिरणं आणि थंडीत इंजिन चालू ठेवून बसणं धरून १० लिटर जास्त. तुमची टाकी ५५ लिटरची असेल तर २० लिटरचा एक जेरीकॅन न्यावाच लागेल. तो गाडीच्या आत ठेवू नका, टपावर किंवा मागच्या रॅकवर आवळून बांधा. भरताना जमिनीवर ठेवून भरा आणि काठोकाठ भरू नका, वाफेला जागा लागते. ईगल प्लेन्सनंतर फोर्ट मॅकफर्सन सुमारे १८० किलोमीटरवर, आणि तिथून इनुविक तितकंच पुढे. दर दक्षिणेपेक्षा बरेच चढे असतात. त्याबद्दल कुरकुर करू नये, तो टँकरही याच रस्त्याने आलेला असतो.

टायर हा या रस्त्याचा खरा जकातनाका. बांधाच्या काही भागांत शेल दगडाची खडी आहे. ती फुटली की चपटे, धारदार तुकडे होतात आणि रस्ता सपाट करणारा ग्रेडर फिरून गेल्यावर ते धारा वर करून पडलेले असतात. साध्या पॅसेंजर टायरची बाजूची भिंत पातळ असते, तिथे चीर गेली की पंक्चरवाल्याच्या दोरीने ती सांधत नाही, टायर फेकूनच द्यावा लागतो. म्हणून हलक्या ट्रकसाठी बनवलेले दहा प्लायचे टायर घ्या आणि पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या. गाडीबरोबर मिळणारी ती छोटी तात्पुरती स्टेपनी इथे निरुपयोगी. टायर जाण्याचं दुसरं कारण म्हणजे उष्णता. हवा कमी, ओझं जास्त आणि वेग ९० असला की टायर आतून तापतो आणि फुटतो. ६० ते ७० चा वेग ठेवला तर निम्मी दुखणी होतच नाहीत. रोज सकाळी टायर थंड असताना हवा मोजा, स्टेपन्यांचीही. डिकीत १२ व्होल्टचा कंप्रेसर, पंक्चरचा संच, लांब दांड्याचा पाना आणि लॉकनट असतील तर त्यांची चावी हवीच. चावी घरी राहिल्यामुळे दोन-दोन स्टेपन्या असूनही अडकलेले लोक या रस्त्यावर भेटतात. शिवाय ३० सेंटिमीटर चौकोनी प्लायवुडचा एक जाड तुकडा घ्या. मऊ खडीत जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो, त्याच्याखाली हा तुकडा सरकवायचा. चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटरांनी नट पुन्हा आवळायचे.

उतार आणि वळणांच्या आधी, जिथे सगळे ब्रेक मारतात, तिथे रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो. त्यावर ब्रेक लावला तर चाकं हवेत उडत राहतात आणि गाडी आडवी सरकते. वेग वळणात शिरण्याआधीच उतरवून घ्या. पाऊस पडला की धूळ दाबण्यासाठी शिंपडलेल्या कॅल्शियम क्लोराइडमुळे वरचा थर लोण्यासारखा गुळगुळीत होतो, हे मी तोंडदेखलं सांगत नाही, फोर बाय फोरही तिथे नाचते. मुसळधार लागला तर एक दिवस थांबणं हाच शहाणपणा. नंतर स्टिअरिंग थरथरायला लागलं तर लगेच अलाइनमेंट बिघडलं असं समजू नका. बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून चाकाचा तोल गेलेला असतो. काठीने खरवडला की थरथर जाते. दर थांब्याला हेडलाइट, टेललाइट आणि नंबरप्लेट पुसा, कारण धुळीत मागच्याला तुम्ही दिसता ते तेवढ्यानेच. काच धुण्याचं पाणी उणे ४० अंशांचं भरा, उन्हाळी द्रव नळीतच गोठतो. व्हाइटहॉर्सला परतल्यावर गाडी खालून नीट धुवून घ्या, ते क्लोराइड लोखंड खातं.

गाडी भाड्याची असेल तर करार शब्दन् शब्द वाचा. बऱ्याच करारांत खडीच्या रस्त्यावर विमा लागू नसतो, काहींत डेम्पस्टरचं नाव घेऊन मनाई असते. व्हाइटहॉर्समध्ये या रस्त्यासाठी परवानगी आणि दोन स्टेपन्यांसह गाड्या देणारे आहेत. त्यांच्याकडे सप्टेंबरच्या सुरुवातीच्या तारखा लवकर संपतात.

वाटेत दोन नद्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात, पील आणि मॅकेन्झी. दोन्ही बोटी फुकट. साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चालतात. नदी गोठायला लागली की बोट बंद, आणि बर्फ गाडी पेलण्याइतका जाड होईपर्यंत पलीकडे जायची सोयच नाही. वारा किंवा पाण्याची पातळी यामुळे सप्टेंबरातही बोट काही तास, कधी दिवसभर थांबते. म्हणून इनुविकहून परतीची तारीख कधीही घट्ट बांधू नका, आणि पीलच्या उत्तरेला असताना गाडीत दोन दिवसांचं जेवण शिल्लक ठेवा.

जेवणावरून आठवलं. रोडहाउसमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या खानावळीत, शाकाहारी माणसाला ग्रिल्ड चीज सँडविच आणि फ्राइज यापलीकडे फारसं मिळत नाही, त्यातही बरीच रोडहाउसं सप्टेंबरच्या मध्यानंतर कुलूप लावतात. आपल्याकडचं कोरडं सामान इथे फार कामाचं: भाजणी, मेतकूट, भडंग, भाजलेला रवा, दुधाची पावडर. मात्र स्टोव्हचा डबा बघून घ्या. शुद्ध ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, म्हणजे शून्याखाली त्याची वाफच होत नाही आणि पहाटेचा चहा राहतो. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या, ते कडक थंडीतही पेटतं. तूप, लोणचं आणि फोडणीचा वास अस्वलाला माणसाइतकाच आवडतो. डबे, खरकटी भांडी, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही, गाडीत बंद करायची. अस्वलाचा फवारा विमानात नेता येत नाही, व्हाइटहॉर्सला विकत घ्या आणि बॅगेत न ठेवता कमरेला लावा.

मुक्कामासाठी युकॉन सरकारची कॅम्पग्राउंड उत्तम आहेत, जळाऊ लाकूड तिथेच मिळतं. ती सप्टेंबरअखेर बंद होतात. टूम्बस्टोनचं कॅम्पग्राउंड ७१ व्या किलोमीटरजवळ. रंगाच्या दिवसांत ते दुपारपर्यंत भरतं, तेव्हा डॉसनहून सकाळीच निघा. रात्री पारा शून्याच्या खाली जातो. स्लीपिंग बॅग उणे १० अंशांची घ्या, आणि तिच्यापेक्षाही खालची मॅट चांगली घ्या, थंडी जमिनीतून येते. ऑगस्टच्या अखेरीला रात्र पुरेशी काळोखी होते आणि आकाश निरभ्र असेल तर अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसतो. त्यासाठी कुठे जावं लागत नाही, मध्यरात्रीच्या सुमारास तंबूची चेन उघडली की झालं.

मोबाइलची रेंज गावापुरती. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण न्या आणि घरच्यांना आधीच बजावून ठेवा की एखादा दिवस संदेश आला नाही म्हणजे अपघात झाला असं नाही. नकाशे फोनमध्ये उतरवून घ्या, कागदीही ठेवा. रस्त्यांची आणि बोटींची स्थिती युकॉनच्या ५११ सेवेवर रोज निघण्यापूर्वी बघा.

डॉसनहून टॉप ऑफ द वर्ल्ड रस्त्याने अलास्कात उतरण्याचा मोह होतो. डोंगरमाथ्यावरून जाणारा तो रस्ता खरंच देखणा आहे, पण सीमेवरची चौकी उन्हाळ्यापुरतीच आणि दिवसाच उघडी असते, सप्टेंबरच्या मध्याला ती बंद होते. अलास्काचं घड्याळ युकॉनपेक्षा एक तास मागे असतं, तेही धरून निघा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा हवा.

परतीला व्हाइटहॉर्सहून पश्चिमेला हेन्स जंक्शनपर्यंत १५८ किलोमीटर आणि तिथून आणखी थोडं पुढे जाऊन क्लुएन तलाव बघून यावं. त्याच्या पुढे बीव्हर क्रीककडे गोठलेली जमीन खचल्यामुळे डांबरी रस्ता वरखाली झालेला असतो, तिथे ट्रेलरवाल्यांनी हळूच जावं. मग कॅसियार महामार्ग, ७२४ किलोमीटर, सगळा डांबरी, पण अरुंद आणि कडेच्या पट्ट्याशिवायचा. मधलं मोठं गाव डीझ लेक. तिथे टाकी भरल्याशिवाय पुढे जाऊ नका, दक्षिणेचे पंप मोसम संपला की बंद असू शकतात. मेझिआडिनहून स्ट्युअर्टला जाणारा फाटा बेअर ग्लेशियरच्या समोरून जातो, तेवढ्यासाठीही वळावं. स्ट्युअर्टला लागून असलेलं हायडर हे अलास्कातलं खेडं. जाताना अमेरिकन चौकीच नाही, म्हणून व्हिसा नको असं समजणारे पुष्कळ. कायद्याने तो लागतोच, आणि परत येताना कॅनडाच्या चौकीवर कागद बघतात. तिथल्या फिश क्रीकवर मासे खायला येणारी अस्वलं सप्टेंबरच्या सुरुवातीनंतर कमी होत जातात.

१ ऑक्टोबरपासून ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेकडच्या महामार्गांवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, निदान एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) चिन्हाचे आणि साडेतीन मिलिमीटर नक्षी शिल्लक असलेले. डेम्पस्टरने घासलेले टायर तेवढे उरले आहेत का, ते कॅसियार महामार्ग जिथे संपतो त्या किटवांगाच्या अलीकडेच मोजून घ्या.