कौलाच्या पोटावरचं नाव

जुना वाडा उतरवायला घेतला की आधी कौलं खाली येतात. बोळात थप्पी लागते आणि दोन-चार दिवसांत ती टेम्पोत भरून जुन्या बांधकाम साहित्याच्या दुकानात जाते. तेवढ्या अवधीत मुकादमाला विचारून एक कौल उलटं करून पाहा. मंगळुरी कौलाच्या पोटावर कारखान्याचं नाव, गावाचं नाव आणि पुष्कळदा एक वर्ष उठावात असतं. कौल छपरावर असताना ही बाजू माळ्याकडे असते, म्हणून रस्त्यावरून ती कधीच दिसत नाही.

या अक्षरांवर कागद ठेवून आणि वरून मेण घासून ठसा घ्यावा. फोटोत गेरूच्या रंगावर गेरूच्याच रंगाची अक्षरं हरवतात. ठशात पुसट अक्षरही उमटतं आणि तेही मूळ मापात.

ठसा घेण्याआधी वाचायचं कसं ते सांगतो, कारण चूक इथेच होते. 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५' असं लिहिलेलं दिसलं की लोक कौलाचं वय दीडशेच्या पुढे धरतात. बासेल मिशन ही स्वित्झर्लंडची ख्रिस्ती मिशनरी संस्था. १८६५ हे मंगळूरचा तिचा कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे, कौल भाजल्याचं नव्हे. नंतर कितीतरी वर्षं तेच साल साच्यात राहिलं. अल्बुकर्क अँड सन्स या मंगळूरच्याच दुसऱ्या कारखान्याचं १८६८ हेसुद्धा स्थापनेचंच साल. त्यामुळे या आकड्यावरून फक्त खालची मर्यादा कळते: कौल त्याआधीचं नाही. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने इंग्रज सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणून 'कॉमनवेल्थ' लिहिलेलं कौल महायुद्धानंतरचं.

ही खालची मर्यादासुद्धा पुष्कळ सांगून जाते. पेशवाई १८१८ला संपली. तेव्हा 'पेशवेकालीन' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या वाड्यावर बासेल मिशनचं कौल असेल, तर ते छप्पर पेशवाईनंतर निदान ४७ वर्षांनी बदललेलं आहे. भिंती जुन्या, डोकं नवं. त्याआधीच्या नळीच्या कौलांची घरं दर पावसाळ्याआधी शाकारावी लागत, कौलं परतावी लागत. मंगळुरी कौल रिपेला खाच अडकवून बसतं आणि शेजारच्या कौलात गुंततं, त्यामुळे दरवर्षीची ती कटकट गेली. एका ठशातून एवढं निघतं, आणि म्हणूनच तो नीट घ्यायला हवा.

कौल साधारण ४१ सेंमी लांब आणि २३ ते २५ सेंमी रुंद असतं. ए-थ्री कागद ४२ सेंमीचा, म्हणजे पुरतो असं वाटतं, पण मग कागद कडेला धरायला जागाच उरत नाही. ३५ बाय ५० सेंमीचा तुकडा कापा. कागद ६० ते ७० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), गुळगुळीत आणि चिवट हवा. छापखान्यातून मिळणारी वर्तमानपत्री रोलची टोकं सरावाला उत्तम, पण तो कागद वर्षभरात पिवळा पडून ठिसूळ होतो. पतंगाचा कागद अक्षराच्या कडेला फाटतो. हातकागद सुंदर दिसतो, मात्र त्याचा स्वतःचा खरबरीतपणा ठशात उतरतो आणि मग कौलाचा पोत कुठला, कागदाचा कुठला ते कळत नाही.

बाजारातले मेणखडू चालतात. स्वतः कांडी करायची तर ८० ग्रॅम पॅराफिन, २० ग्रॅम मधमाश्यांचं मेण आणि १५ ग्रॅम काजळी घ्या. भांडं उकळत्या पाण्यात ठेवूनच वितळवा, थेट आचेवर कधीही नाही, कारण मेणाची वाफ पेट घेते. काजळी तळाशी बसते, म्हणून ओतेपर्यंत ढवळत राहा. कांडी जाड आणि चपटी हवी. टोकाने घासलं की रेघा उठतात, पसरट बाजूने घासलं की ठसा उठतो.

कौल मऊ नायलॉनच्या ब्रशने कोरडंच झाडा. तारेचा ब्रश नको, त्याचे ओरखडे ठशात कायमचे दिसतात. शेवाळ धुवावंच लागलं तर निदान एक पूर्ण दिवस उन्हात वाळवा. भाजलेली माती पाणी धरून ठेवते आणि ओलाव्याने कागद पिंपळाच्या जुन्या पानासारखा जाळीदार होऊन हातात येतो. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

कौलाची वरची बाजू सपाट नसते. उलटं ठेवलं की ते डुगडुगतं आणि दाब दिला की तडकतं. खाली अर्धं पोतं वाळू पसरून त्यात ते बसवा. चिकटपट्टी मातीच्या भुकटीवर टिकत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे रुंद वेढे कापून कागद दोन्ही टोकांना आवळणं हा सगळ्यांत खात्रीचा उपाय. मग कापसाच्या बोळ्याने कागद अक्षरांवर हलके दाबा, म्हणजे तो त्यांचा आकार घेतो. नंतर मधून कडेकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने मेण फिरवा. दुसऱ्यांदा मेण तिरकं फिरवा. जोर दिला की खोलगट भागही काळा होतो आणि अक्षर बुडतं. दुहेरी अक्षर दिसलं तर कागद सरकला आहे. तो ठसा दुरुस्त होत नाही, नवा कागद घ्या.

न वाचता येणारं अक्षर पेनने पुरं करू नका. बोथट अक्षर म्हणजे पुष्कळदा झिजलेला साचा, आणि तीही नोंद आहे. वाचायला विजेरीचा झोत कडेने, जवळजवळ आडवा टाका. जे वाचता आलं ते कागदाच्या मागे लिहा.

याच साहित्यावर ड्रेनेजची बिडाची झाकणंही घेता येतात, फक्त सकाळी आठच्या आत आणि रहदारी नसलेल्या बोळात. दुपारी तापलेल्या लोखंडावर मेण वितळून फासलं जातं. तांबट आळीतल्या मठारलेल्या भांड्यांचे ठसे फार देखणे येतात. हातोडीचा प्रत्येक ठोका वेगळा दिसतो. गोलाईवर कागदाला चुण्या पडतात, म्हणून ६ सेंमी रुंदीच्या पट्ट्या करून घ्या. जुन्या नक्षीदार सिमेंटच्या फरश्यांवर मात्र मेण वाया जातं. तिथे उठाव नसतो, नक्षी रंगाच्या थरात असते. तिचं ट्रेसिंगच करावं.

संरक्षित स्मारकं, शिलालेख आणि पूजेतले वीरगळ यांना परवानगीशिवाय कागद लावू नये. शिलालेखाचा ठसा ओल्या कागदाने आणि शाईने घेतात, ते जाणत्यांचं काम आहे.

प्रत्येक ठशामागे शिसपेन्सिलीने तारीख, पेठ, वाड्याचा कोणता भाग, कौल छपरावरचं की थप्पीतलं, लांबी-रुंदी-वजन आणि कोणाच्या परवानगीने, हे लिहा. थप्पीतलं कौल दुसऱ्या घराचंही असू शकतं, हा फरक नोंदला नाही तर ठशांवरून केलेला पेठेचा नकाशा खोटा होतो.

ठसे लॅमिनेट करू नका, यंत्राच्या उष्णतेने मेण पसरतं. दोन ठशांमध्ये बटर पेपर घाला. पेठेचा मोठा पट करायचा असेल तर मांजरपाटावर मैद्याच्या खळीने चिकटवा. खळ पातळ लावा, मागच्या बाजूनेच, आणि वजनाखाली दोन दिवस ठेवा. बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे, मुलं कामात असतील तर टाळा आणि कमी खळ करून त्याच दिवशी संपवा. पटावर प्रत्येक ठसा त्याच्या आळीच्या जागी लावा आणि पटाच्या तळाशी मंगळूर, काळिकत, फेरोक अशी कारखान्यांची गावं मांडून प्रत्येकापासून दोरा न्या. दोरे कुठल्या आळीत दाट होतात आणि कुठे एकही पोचत नाही, हे पाहून पुढची थप्पी कुठे शोधायची ते ठरतं.