तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात इंग्रजी कुठून सुरू करू?

"वय झालंय, शाळेत इंग्रजी कधी जमलंच नाही, आता मनावर घेतलंय, तर ग्रामरपासून सुरू करू का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, कधी स्वतःसाठी, कधी आईसाठी, कधी "आमच्या ह्यांना जरा सांगा ना" म्हणून, की आता एकदा लिहूनच टाकते. मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, अगदी एबीसीडीपासून, आणि माझं उत्तर असं की ग्रामर राहू द्या, आधी एक कोरा फॉर्म घेऊन बसा.

फॉर्म म्हटलं की चेहरे पडतात. पण बघा ना, फॉर्मची भाषा केवढीशी असते, त्यात ना वाक्य, ना काळ, ना क्रियापद, नुसते ठरलेले शब्द आणि पुढे रिकामी जागा, आणि तेच शब्द बँकेत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत, नोकरीच्या अर्जात सगळीकडे फिरून फिरून येतात. शिवाय फॉर्म काय विचारणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं. दहा वर्षांच्या पोराला कदाचित तुमच्यापेक्षा जास्त इंग्रजी शब्द येत असतील पण 'ऑक्युपेशन'च्या पुढे काय लिहायचं किंवा 'नॉमिनी' कशासाठी विचारतात हे त्याला कुठे ठाऊक असतं, तुम्हाला ते व्यवहार करून करून पाठ झालेलं आहे. मोठ्या वयाचा फायदा तो हाच, आणि बहुतेक क्लासवाले नेमका हाच फायदा बाजूला ठेवून तुम्हाला परत पहिलीच्या बाकावर बसवतात.

तर सरनेम, लास्ट नेम, फॅमिली नेम हे तिन्ही म्हणजे आडनावच. फर्स्ट नेम किंवा गिव्हन नेम म्हणजे तुमचं स्वतःचं नाव. मॅरिटल स्टेटस म्हणजे लग्न झालंय का, नेक्स्ट ऑफ किन म्हणजे काही झालं तर कळवायचा जवळचा नातेवाईक. 'ब्लॉक लेटर्स' लिहिलं असेल तर सगळी अक्षरं कॅपिटल आणि सुटी सुटी. जो प्रश्न तुम्हाला लागूच होत नाही तिथे एन, तिरकी रेघ, ए असं लिहा (नॉट ॲप्लिकेबल, म्हणजे लागू नाही), जागा रिकामी ठेवली की परत बोलावतात. आणि 'फॉर ऑफिस यूज ओन्ली' दिसलं की पेन खाली ठेवा, ती जागा त्यांची.

तारखेपाशी मात्र जरा थांबा, तिथे इंग्रजी येणारेही घसरतात. ०४/०७ म्हणजे ब्रिटिश पद्धतीत चार जुलै आणि अमेरिकन पद्धतीत सात एप्रिल. आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात आधी वर्ष मग महिना मग दिवस, कम्प्युटरवरच्या फॉर्मात ते बऱ्याचदा दिसतं. चौकोनांखाली डीडी, एमएम, वायवायवायवाय (दिवस, महिना, वर्ष) असं छापलेलं असलं तर त्याच क्रमाने भरा, नसलं तर महिना सरळ अक्षरात लिहा, जुलै म्हणजे जे यू एल वाय, वादच मिटला. म्हणून बारा महिन्यांची स्पेलिंग्ज ही माझ्याकडे पहिल्या आठवड्याची गोष्ट असते, ॲपल बॉल कॅटच्या आधी.

आता कानाचं. वाचणं आपल्या वेगाने होतं, ऐकणं समोरच्याच्या वेगाने, आणि सगळ्यात जास्त वांधे आकड्यांचे होतात. आपण सत्तावन्न म्हणताना सात आधी घेतो आणि पन्नास मागून, इंग्रजीत पन्नास आधी, त्यामुळे कोणी फिफ्टी सेव्हन म्हटलं की डोकं क्षणभर उलटसुलट होतं आणि हातून ७५ लिहिलं जातं, आणि तेवढ्यात पुढचे दोन आकडे निघून गेलेले असतात. यावर उपाय एकच, रोज मोठ्याने आकडे वाचायचे, गाड्यांचे नंबर, बिलं, घड्याळ, जे दिसेल ते. थर्टीन आणि थर्टी यांतला फरक म्हणजे थर्टीनमध्ये जोर शेवटावर आणि थर्टीमध्ये सुरुवातीला, पुस्तकात असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे, पण भराभर बोलताना तो जोर इकडचा तिकडे सरकतो त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नका, सरळ विचारा "वन थ्री ऑर थ्री झीरो?" हा एक प्रश्न तोंडात बसला की अर्धी भीती जाते.

फोनवर तर आणखी अवघड, आणि तो सगळा दोष तुमच्या कानाचा नसतो. जुन्या पद्धतीच्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (आवाज किती उंच पट्टीचा ते मोजायचं माप) एवढाच आवाज जातो, 'एस' आणि 'एफ' वेगळे ओळखू येतात ते बरंचसं त्याहून उंच पट्टीच्या आवाजामुळे, म्हणजे फोनवर एस की एफ हे इंग्रजीत जन्मलेल्यालाही विचारावं लागतं. विमानवाल्यांनी यासाठीच तर आल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी अक्षरांची नावं ठरवली, आज चालते ती यादी १९५६ पासूनची. आपल्याला विमान चालवायचं नाहीये, 'बी फॉर बॉय, डी फॉर डॉग' पुरतं, पण स्वतःच्या नावाचं, आडनावाचं आणि पत्त्याचं स्पेलिंग असं न अडखळता सांगता आलं पाहिजे. आरशासमोर करा, घरातले हसतील, हसू द्या.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट, समोरच्याला थांबवणं. नवशिका माणूस काय करतो, समजलं नाही तरी मान हलवतो, "येस येस" म्हणतो, कारण परत विचारलं तर अडाणी वाटू असं वाटतं. मग अपॉइंटमेंट मंगळवारची आणि आपण गुरुवारी हजर. भाषा किती येते हे मोजायची सीईएफआर म्हणून युरोपात तयार झालेली पट्टी आहे, कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये ती छापली, तिच्या मुख्य पायऱ्यांत सगळ्यात खालची ए१. त्या ए१ च्या वर्णनातच म्हटलंय की समोरचा हळू आणि स्पष्ट बोलणार असेल आणि मदत करायला तयार असेल तर या पायरीवरच्या माणसाला साधा संवाद जमतो. म्हणजे समोरच्याने हळू बोलणं हे त्या पट्टीत आधीच धरलेलं आहे, तुम्ही कोणाकडे भीक मागत नाही आहात. त्यामुळे "सॉरी, स्लोली प्लीज" हे लाज न वाटता म्हणा. पण नुसतं "अगेन प्लीज" म्हटलं की लोक तेच वाक्य तेवढ्याच वेगाने फक्त जास्त मोठ्याने म्हणतात (ही खोड जगभर आहे), म्हणून त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे आपल्याला जे कळलं ते परत बोलून दाखवणं, "ट्यूस्डे, थ्री थर्टी, राइट?" चुकलं असेल तर तो लगेच दुरुस्त करतो, बरोबर असेल तर विषय संपला, आणि यात ग्रामर काडीचंही लागत नाही. एवढं करूनही धाकधूक वाटली तर कागद पुढे करा, "प्लीज राइट इट".

औषधांच्या लेबलवर मी बरेच तास घालवते, काही जणांना कंटाळा येतो, पण तिथे चूक महाग पडते. वन्स, ट्वाइस, थ्री टाइम्स अ डे हे तर आलंच, पण 'एव्हरी एट अवर्स' म्हणजे दर आठ तासांनी, घड्याळ लावून, ते सकाळ-दुपार-रात्र जेवणासोबत घेण्याइतकं सैल नाही. 'नॉट मोअर दॅन फोर टॅब्लेट्स इन २४ अवर्स' म्हणजे कुठल्याही सलग चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाहीत, रात्री बाराला हिशोब कोरा होत नाही. 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' म्हणजे फक्त वरून लावायचं. आणि 'डू नॉट' हे दोन शब्द कुठेही दिसले की पुढचं वाक्य पूर्ण कळल्याशिवाय हात लावायचा नाही. औषधाच्या बाबतीत मी एक नियम करते, शंका असेल तर इंग्रजीची प्रॅक्टिस बिक्टिस सोडा आणि आपली भाषा येणाऱ्या कोणाला तरी गाठा, शिकायला बाकी जागा पुष्कळ आहेत, सूचना फलक आहेत, पावत्या आहेत, खाण्याच्या पाकिटांवरच्या तारखा आहेत. त्या तारखांमध्ये बऱ्याच देशांत 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख असते, ती उलटली की खायचं नाही, आणि 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि दर्जाची, हेही लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही.

दवाखान्यात काय बोलू, हेही विचारतात. बोट दाखवा आणि "पेन हिअर, थ्री डेज" म्हणा, डॉक्टरला व्याकरणाचा पेपर तपासायचा नसतो. मात्र ॲलर्जी असेल तर तो शब्द आणि त्या औषधाचं नाव लिहून खिशात ठेवा. इमर्जन्सीचा नंबर देशादेशात वेगळा, कुठे ११२, कुठे ९११, कुठे ९९९, तुमचा कुठला ते बघून ठेवा आणि तिथे आधी पत्ता सांगायचा, मग काय झालं ते, कारण फोन मध्येच कट झाला तरी गाडी निघालेली पाहिजे.

किती शब्द लागतात? पॉल नेशन आणि डेव्हिड क्रॅब या भाषा-शिक्षणाच्या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये परक्या देशात थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्यांसाठी निभावण्यापुरती एक यादी केली होती, साधारण १२० शब्द आणि वाक्प्रयोगांची, नमस्कार, आभार, आकडे, रस्ता विचारणं, मला समजलं नाही, असलं सगळं. तिथेच राहायचं असेल तर एवढ्यावर भागत नाही हे उघड आहे, पण सुरुवात १२० वर होऊ शकते हे कळलं तरी मोठ्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. नाहीतर डिक्शनरी बघून घाबरायला होतं.

भाषांतराचं ॲप वापरू का? वापरा की, नोटिशीवर कॅमेरा धरला की निदान विषय तरी कळतो. फक्त पैशाचे मेसेज ॲपवर सोपवू नका. "अर्जंट, युवर अकाउंट विल बी ब्लॉक्ड" असलं आलं की इंग्रजी चांगली येणाऱ्याला त्यातली भाषा विचित्र वाटते आणि तो सावध होतो, नवशिक्याला खरं इंग्रजी आणि ठगाचं इंग्रजी सारखंच, त्यामुळे लिंक दाबायची नाही, ओटीपी कोणाला सांगायचा नाही, स्वतः बँकेत जाऊन विचारायचं.

आणि ग्रामर? ते येतंच, पण गरज पडेल तसं. काल काय झालं ते सांगायचंय आणि जमत नाहीये, असं तुम्हाला स्वतःला टोचायला लागलं की भूतकाळ शिका, तेव्हा तो एका संध्याकाळी डोक्यात शिरतो, त्याच्या आधी वर्षभर तक्ते घोकले तरी शिरत नाही हे मी पुष्कळदा पाहिलंय. ज्यांना ग्रामरची मुळात आवड आहे त्यांनी खुशाल आधी करावं, असेही असतात, त्यांना मी अडवत नाही.

क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी तिथे बसून एक तास ऐका. शिकवणारा बोलतोय जास्त की शिकणारे, ते बघा. पहिल्या महिन्यात काय करून घेणार ते विचारा, आणि उत्तरात फॉर्म, फोन, आकडे, तारखा यांतलं काहीच आलं नाही, नुसतं 'कॉन्फिडन्स' आणि 'पर्सनॅलिटी' आलं, तर दुसरा क्लास शोधा.