कितीचा झाला?

10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, परभणी, नांदेड भागात जमीन हादरली. दुपारी मी तलाठी आणि ग्रामसेवकांसोबत वसमत तालुक्यातल्या एका गावात घरांच्या भेगा बघत फिरत होतो. जो तो एकच विचारायचा, "सायब, कितीचा झाला?"

मोबाइलवर 4.5 आलं होतं. त्यावर वरच्या आळीतला एक गडी तावातावाने म्हणाला, "आमची फळीवरची भांडी पडली, खालच्या आळीत कळलंबी नाही. मग आकडा एकच कसा?"

प्रश्न अगदी रास्त होता. 4.5 हे परिमाण, म्हणजे खाली खडकात किती ऊर्जा सुटली त्याचं माप; ते अख्ख्या भूकंपाचं एकच असतं. तीव्रता, म्हणजे त्या जागी हादरा किती जाणवला आणि नुकसान किती झालं ते, मात्र गावागणिक, घरागणिक बदलते. केंद्र किती लांब, किती खोल, पायाखाली खडक की काळी माती, यावर ती ठरते. तिचं माप मर्केली श्रेणीचं. रिश्टर स्केल हे परिमाणाचं माप, पण बातम्यांत 'रिश्टर स्केलवर तीव्रता' असं सर्रास छापून येतं आणि लोकांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

"किल्लारीएवढा व्हता का?" घोळक्यातून आवाज आला. छे! परिमाण एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे 32 पट होते. 30 सप्टेंबर 1993 चा धक्का 6.2 चा होता, म्हणजे याच्या साडेतीनशे पट. पण तिथे माणसं दगावली ती दगड-मातीच्या रुंद भिंती आणि माळवदांखाली, पहाटेच्या झोपेत. म्हणून मला आकड्यापेक्षा भिंतीची काळजी जास्त.

एका मावशींची भिंत मधोमध फुगली होती. आतून-बाहेरून दगड, मध्ये नुसती खडी-माती; दोन्ही बाजू बांधून ठेवणारा लांब आडवा दगड कुठेच नाही. वर पत्रे, आणि पत्र्यांवर डोक्याएवढाले धोंडे. मार्चमधल्या धक्क्यांनंतर नांदेडला प्रशासनाने असेच दगड उतरवायला सांगितलं होतं.

"दगड काढल्यावर वाऱ्यानं पत्रे उडतील की रे लेकरा," मावशी म्हणाल्या.

खरंच होतं ते. नुसतं 'काढा' म्हणून निघून जाणं मला पटेना. पुतण्याला हुक-बोल्ट आणि वायसर लिहून दिले. तो वसमतला गेला, तोवर आम्ही मावशींची खाट त्या भिंतीपासून लांब, अंगणात मांडली. संध्याकाळी पत्रे आधी वाशांना आवळले, मगच धोंडे खाली घेतले. भिंत मात्र उतरवूनच पुन्हा बांधावी लागणार, तसं पंचनाम्यात स्पष्ट लिहिलं.