हार्टलीच्या दगडावर नसलेलं नाव

उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून अ‍ॅशिंग्टनला जाणारा लोहमार्ग मुळात कोळशासाठी टाकलेला. 1964 साली त्यावरची प्रवासी गाडी बंद झाली आणि तब्बल साठ वर्षांनी, डिसेंबर 2024 मध्ये, पुन्हा सुरू झाली. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर एक जाड फाइल होती आणि तिच्यात गेल्या तीन हिवाळ्यांत आम्ही दोघींनी मिळून जमवलेले कागद. त्यांच्या आजोबांचा जन्म अ‍ॅशिंग्टनचा. त्याच्या मागचं घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. "हार्टलीत आपलं कोणीतरी गेलं होतं" एवढं एकच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पुढे येत राहिलं होतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली. माझे बाबा बल्लारपूरच्या खदानीत जमिनीखाली काम करून निवृत्त झाले. त्यामुळे लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्यांदा हे वाक्य उच्चारलं तेव्हा "गेलं" म्हणजे काय, ते मला विचारावं लागलं नाही. अवेळी भोंगा झाला की आई गॅस बंद करून दारात येऊन उभी राहायची. आजूबाजूच्या सगळ्याच क्वार्टरांच्या दारांत बायका उभ्या दिसायच्या. कोणी काही बोलत नसे.

हार्टलीची हकीकत थोडक्यात सांगते. गुरुवार, 16 जानेवारी 1862. हेस्टर पिट नावाच्या खाणीला खाली जायला-यायला एकच उभा शाफ्ट होता, विहिरीसारखा, जेमतेम बारा फूट रुंदीचा. मधे लाकडी पडदा घालून त्याचे दोन भाग केलेले. माणसं, कोळसा, हवा, पाणी उपसण्याचे नळ, सगळं त्यातूनच. वरच्या पंपाच्या इंजिनाची सुमारे 42 टनांची बिडाची तुळई सकाळी साडेदहाच्या सुमारास मोडली आणि तिचा निम्मा तुकडा थेट शाफ्टमध्ये कोसळला. लाकडी पडदा, दगड, माती सोबत घेऊन गेला आणि शाफ्ट मधेच बुजला. पाळी बदलायची वेळ होती. पहिल्या पाळीची बहुतेक माणसं अजून खालीच होती आणि दुसरी पाळी उतरलेली होती. पिंजऱ्यातून वर येत असलेल्या आठांपैकी पाच गेले, तिघे वाचले. खाली 199 माणसं आणि मुलं अडकली. विल्यम कोल्सन या शाफ्ट खणण्यातल्या वाकबगार माणसाने आपल्या साथीदारांसह दिवसरात्र ढिगारा उपसला, पण खाली पोचायला बुधवार उजाडला. तोवर विषारी वायूने सगळे गेले होते. एकूण 204.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगत होते. त्यांनी मधेच थांबवलं.

"पंपच बंद पडला म्हणतेस, मग खाली पाणी नाही का भरलं?"

भरत होतं. म्हणूनच ती माणसं सगळ्यात खालचा लो मेन थर सोडून वरच्या यार्ड थरात चढून गेली होती आणि तिथेच सापडली. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चढली म्हणजे तोवर डोकं ठिकाणावर होतं त्यांचं. वाट बघत होती."

खाणकामगाराच्या घराण्याचा माग काढणं शेतकऱ्याच्या घराण्यासारखं नसतं. आपल्याकडे निदान सातबारा असतो, गावचा उतारा असतो, कुठल्याशा देवळातलं वर्गणीदारांचं नाव असतं. या लोकांना जमीन नव्हती. घर खाणमालकाचं, काम सुटलं की घर सुटलं. एका खाणीतून दुसरीत, चार भांडी गाडीवर टाकून. त्यांचं गाव शोधायचं तर मुलांची जन्मगावं बघायची, हे मला हळूहळू कळत गेलं. आमच्या फाइलमधलं सगळ्यात मोलाचं पान म्हणजे 7 एप्रिल 1861 च्या जनगणनेतलं एक घर. बाप कोळसा तोडणारा, इथल्या भाषेत हेवर. थोरला मुलगा 14 वर्षांचा, कोळशाचे टब ढकलणारा पुटर, जन्म वॉल्सएंड. दुसरा 10 वर्षांचा, जन्म क्रॅमलिंग्टन. मुलगी चार वर्षांची, जन्म सेगहिल. आणि तीन महिन्यांचं बाळ, जन्म हार्टली. चार मुलं, चार गावं. ते बाळ म्हणजे सासूबाईंचे पणजोबा.

दहा वर्षांच्या मुलापुढे व्यवसायाच्या रकान्यात "विद्यार्थी" असं लिहिलंय. त्यावर पुन्हा येते.

अ‍ॅशिंग्टनजवळच्या वुडहॉर्नला आम्ही दोन दिवस बसलो. नॉर्थंबरलँड काउंटीचं दप्तरखानं आता तिथे आहे, एका जुन्या कोळसा खाणीच्या आवारात. खाण 1981 ला बंद झाली, पण शाफ्टवरची मोठी चाकं अजून उभी आहेत आणि वाचनालयाकडे जाताना ती डोळ्यांसमोरून हटत नाहीत. 13 ऑगस्ट 1916 ला याच खाणीत 13 माणसं गेली, त्यांचं स्मारकही आवारात आहे. पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीत आम्ही अ‍ॅशिंग्टनच्या खाणकामगारांनी काढलेली चित्रं पाहिली. 1934 साली संध्याकाळच्या कलावर्गाला बसलेली ही माणसं पुढे आयुष्यभर आपलंच जगणं रंगवत राहिली. जेवणाला स्टॉटी नावाचा जाड, चपटा पाव होता आणि त्यात पीज पुडिंग, म्हणजे वाटाण्याच्या पिवळ्या डाळीचं घट्ट, गार वरण. मला ते फार आवडलं. डबा घेऊन खाली जाणाऱ्या माणसाचं जेवण आहे ते, सांडत नाही आणि पोटाला आधार देतं.

दप्तरखान्यात आम्ही मायक्रोफिल्मवर जुनी वर्तमानपत्रं वाचली. मृतांच्या यादीत बाप आणि दोन्ही मुलं एकाखाली एक सापडली. तिघांची नावं दिसतील हे आम्हाला घरीच कळलं होतं, तरी सासूबाईंनी यंत्राचं चाक फिरवणं थांबवलं आणि चष्मा काढून ठेवला. "मला वाटायचं एकच जण गेला असेल," एवढंच म्हणाल्या.

आता त्या धाकट्याबद्दल. 1842 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये 10 वर्षांखालची मुलं, तसंच बायका आणि मुली यांना जमिनीखाली काम करायला बंदी झाली. 1860 च्या कायद्याने मुलांचं ते वय 12 वर नेलं, पण एक सूट ठेवली. मुलाला लिहिता-वाचता येतं असा दाखला असेल तर 10 ते 12 वर्षांच्या मुलालाही खाली पाठवता येई. आमचा हा मुलगा एप्रिलमध्ये विद्यार्थी आहे आणि जानेवारीत मृतांच्या यादीत, वय 11. दाखला आम्हाला मिळालेला नाही, पण मला त्याचा दुसरा अर्थ लावता येत नाही. तो वाचायला शिकला, म्हणून खाली जाऊ शकला. हे लिहिताना आजही माझा संताप होतो.

तिसऱ्या दिवशी सीटन डेलाव्हलला उतरून न्यू हार्टलीला चालत गेलो. खाणीची जागा आता एक लहानशी स्मृतिबाग आहे, घरांच्या मधोमध. बुजवलेल्या शाफ्टभोवती गोल भिंत. समुद्र जवळ असल्याने वारा सतत अंगावर येत होता. एक आजी कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या, आम्हाला पाहून थांबल्या आणि "तुमचं कोण?" असं विचारलं. कशासाठी आलात, हे नाही विचारलं.

तिथून अर्सडनचं सेंट आल्बन्स चर्च चारेक मैलांवर, टेकाडावर आहे. रविवारी, 26 जानेवारीला, याच रस्त्याने शवपेट्यांच्या गाड्या गेल्या. चर्चच्या आवारात एवढी जागा नव्हती, तेव्हा ड्यूक ऑफ नॉर्थंबरलँडने लगतची जमीन दिली. आवारात उंच दगडी स्तंभ आहे आणि त्याच्या बाजूंवर मेलेल्यांची नावं वयांसकट कोरलेली आहेत. आमची तिन्ही नावं आम्हाला सापडली. आडनाव इथे लिहीत नाही, सासूबाईंची तशी इच्छा आहे. अकरा हा आकडा त्या दगडावर एकट्या आमच्या मुलापुढे नाही.

मी मात्र तिथे जिला शोधत होते, ती दगडावर असणार नव्हतीच. एका सकाळी नवरा आणि दोन मुलगे गेले, घरात पाच वर्षांची मुलगी आणि वर्षाचं बाळ, असली बाई पुढे काय करते? 1871 च्या जनगणनेत ती त्या आडनावाखाली कुठेच नव्हती. आम्हाला वाटलं, तीही गेली. शेवटी सासूबाईंनी उलटा शोध घेतला. आईला सोडून मुलाला शोधलं. वय 10, जन्म हार्टली. तो सापडला, दुसऱ्याच आडनावाच्या घरात, घरधन्याचा सावत्र मुलगा म्हणून. त्याच घरात घरधन्याची बायको म्हणून ती होती. तिने एका विधुर हेवरशी लग्न केलं होतं. त्याची तीन मुलं, हिची दोन. पुन्हा खाणच. दुसरं काय होतं त्या मुलखात? बाळ मोठं होऊन हेवर झालं आणि पुढे अ‍ॅशिंग्टनला आलं.

हार्टलीमुळे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पार्लमेंटने कायदा केला की खाणीला बाहेर पडायचे दोन मार्ग हवेत. भारतातल्या कोळसा खाणींच्या नियमांतही तीच अट आहे. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "पहिल्या दिवशी खाली नेलं की आधी तेच दाखवायचे. हा एक रस्ता, आणि तो दुसरा." चाळीस वर्षं ते रोज सुखरूप वर आले.

परतल्यावर तिच्या दुसऱ्या लग्नाचा दाखला मागवला होता, तो गेल्या आठवड्यात पोस्टाने आला. नवऱ्याने सही केलीय, वेडीवाकडी पण पूर्ण. तिच्या नावापुढे फुली आहे आणि फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने "हिची खूण" असं लिहिलंय. माझ्या आजीचा अंगठा रेशनकार्डावर होता, तसाच हा प्रकार. मुलाला शाळेत घालून लिहायला शिकवलेल्या बाईची फुली. मूळ कागदावर तिने ती काढली तेव्हा टाक जोरात दाबला असेल का, हे नकलेवरून कळत नाही. सासूबाईंनी फाइल उघडून तो कागद 1861 च्या पानाच्या पुढे लावला, आणि मुलीचं पुढे काय झालं ते शोधायला घेतलं.